पाकिटातलं मत

फत्तेपूरच्या सूर्यभान गुरुजींनी देशात मतदान सुरू झाल्यापासून एकही निवडणूक चुकवली नव्हती, आणि मत मात्र आयुष्यात एकदाही दिलं नव्हतं. बावन्न साली पहिल्यांदा मतपेट्या आल्या तेव्हा गुरुजी बत्तीस वर्षांचे, प्राथमिक शाळेत मास्तर. मास्तर म्हणजे सरकारच्या दावणीचा बैल. खानेसुमारी असो, देवी टोचणं असो, नाहीतर मतदान असो, पहिलं जू त्याच्याच मानेवर. त्यातून शिरस्ता असा की गावच्या माणसाला गावच्या केंद्रावर ठेवायचं नाही. फत्तेपूर मत द्यायला निघालं की फत्तेपूरचे गुरुजी वळकटी काखेत मारून भलत्याच तालुक्यात, भलत्याच शाळेत, अनोळखी माणसांच्या बोटांना शाई लावत बसलेले असत.

अशा लोकांसाठी टपालानं मत देण्याची सोय होती. सोय कागदावर होती. एकदा गुरुजींचा अर्जच उशिरा गेला. एकदा मतपत्रिका हातात पडली तेव्हा निवडून आलेल्याच्या अंगावरचा गुलालसुद्धा धुऊन झाला होता. एकदा पाकिटावर कुण्या सूर्यकांताचं नाव होतं, आणि दुसऱ्याचं मत देण्याचं पाप गुरुजींच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्यांनी ते पाकीट इमानदारीनं परत केलं आणि आठ दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

मत देता येत नाही म्हणून की काय, त्यांनी आपल्या ‘फत्तेपूर शहर’ मतदारसंघाचा सगळा इतिहास पाठ करून टाकला होता. मतदारसंघ लहानसाच. स्टेशनाच्या अलीकडचं गाव, पलीकडची वस्ती, कापसाच्या जिनिंगच्या मागची हमालांची घरं आणि हाकेच्या अंतरावरच्या चार-दोन वाड्या, संपला. मोटार स्टँडाजवळ शिंप्याच्या दुकानापुढं एक शहाबादी फरशी होती. संध्याकाळी गुरुजी तिच्यावर बसले की लोक मुद्दाम विचारत, “गुरुजी, बावन्नला काय झालं होतं?” आणि गुरुजी सुरू होत. तेव्हा उमेदवारागणिक पेटी वेगळी असायची, पेटीवर चित्र चिकटवलेलं. एका म्हातारीनं चिठ्ठी आत टाकायच्या ऐवजी पेटीवर ठेवली, वर दोन झेंडूची फुलं वाहिली आणि हात जोडून बाहेर आली. तिच्या मागून गेलेल्या माणसानं फुलं तशीच ठेवली, पण तिची चिठ्ठी आपल्या पेटीत ढकलली. त्या खेपेला निजामाच्या तुरुंगात राहून आलेले एक वकील जिंकले, सहाशे तीस मतांनी. सत्तावन्नला वकिलाला एका अडत्यानं पाडलं, दोनशे अकरानं. बासष्टला फुलीचा शिक्का आला आणि तिसऱ्याच माणसाची एकशे चारनं सरशी झाली. सदुसष्टला जिनिंगचे मालक दिनकरराव उभे राहिले आणि एकोणचाळीस मतांनी निवडून आले.

“दर टायमाला कमी कमीच व्हायलंय की हो,” लोक म्हणत.

“होणारच,” गुरुजी म्हणत. “गाव लहान हाय. एकेक मत दिसतं.”

मात्र बहात्तरचं कुणी विचारलं की गुरुजी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत बसत आणि घरी काम आहे म्हणून उठून जात. लोकांना वाटे, लिंबाजी पडल्याचं दुःख आहे. दुःख होतंच, पण त्याच्या पोटात आणखी एक काटा होता आणि तो गुरुजींनी बायकोलासुद्धा दाखवला नव्हता.

लिंबाजी हा जिनिंगमधल्या हमालांचा पुढारी. पाठीवर सरकीची पोती वाहून खांदे दगडासारखे झालेला, आणि गुरुजींच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. दोघंही पलीकडच्या वस्तीतले. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा लिंबाजीच्या बापाचं नाव कागदावर गुरुजींनीच लिहून दिलं होतं. बहात्तरला दुष्काळ. पलीकडच्या वस्तीत एक नळ नव्हता. गुरुजींच्या बायकोला, पंचफुलाबाईला, रूळ ओलांडून स्टेशनातून घागर आणावी लागे, आणि मालगाडी उभी असली की तासतास ताटकळावं लागे. लिंबाजी एवढ्या एकाच गोष्टीवर दिनकररावांच्या विरुद्ध उभा राहिला, शिडी चिन्हावर. नळ रुळाच्या पलीकडे आणीन, बाकी मला काही समजत नाही, असं तो भाषणात सांगे. गुरुजींना असं सरळ भाषण कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

त्या खेपेला गुरुजींनी चंग बांधला. टपालाचा अर्ज त्यांनी महिनाभर आधी दिला. मतपत्रिका वेळेवर आली, नाव बरोबर होतं. साहेबांपुढं सही केली, शिडीवर फुली मारली, लहान पाकीट मोठ्या पाकिटात घालून चिकटवलं. मतदान उरकून पेटी जमा करायला जायचंच होतं, तिथंच टपालात टाकलं की दोन दिवसांनी मोजणीच्या आत आरामात पोचणार होतं. खिशात ठेवलं तर चुरगळेल, घामानं भिजेल, म्हणून त्यांनी ते जपून सरकारी कागदांच्या पिशवीत ठेवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

केंद्र होतं ताडकळसला, आणि गुरुजी केंद्राध्यक्ष. संध्याकाळी दार बंद झालं. बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवून कान खातोय, पोलीस “उरका गुरुजी, उरका” करतोय, आणि टेबलावर भुऱ्या पाकिटांचा ढीग. वापरलेल्या मतपत्रिकांच्या स्थळप्रती, न वापरलेल्या मतपत्रिका, खराब झालेल्या, प्रत्येकाला वेगळं पाकीट. त्यांत एक ‘प्रदत्त मतां’चं. एखादा माणूस मत द्यायला आला आणि त्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं निघालं, तर त्याला परत पाठवत नाहीत. त्याला मतपत्रिका देतात, तोही फुली मारतो. पण ती पेटीत पडत नाही. ती या पाकिटात जाते, पाकिटाला लाख लागते आणि मोजणीत तिला कुणी विचारत नाही. त्या दिवशी ताडकळसात असा माणूस एकही आला नव्हता. पाकीट रिकामंच जायचं होतं, आत फक्त नावापुरतं एक कोरं पाकीट घालून. गुरुजींनी ते बंद केलं, मेणबत्तीवर लाख धरली, पितळी शिक्का दाबला, आणि सगळा गठ्ठा शिवून जमा केला. पावती घेतली आणि आपलं टपाल टाकायला पिशवीत हात घातला. हाताला लागलं ते प्रदत्त मतांच्या पाकिटात घालायचं होतं तेच कोरं पाकीट.

गुरुजी पेट्या जमा करून घेणाऱ्या साहेबांकडं धावत गेले. प्रदत्त मतांच्या पाकिटात त्यांनी स्वतःचंच मत घालून वर लाख ओतली होती.

“साहेब, गठ्ठा खोला. माझं मत आत गेलंय,” ते म्हणाले.

साहेब भला माणूस होता. हसला नाही. “गुरुजी, ही लाख कोर्टाच्या हुकमाशिवाय फुटत नाही, हे तुम्हीच ना दर निवडणुकीला नव्या मास्तरांना शिकवता?”

दोन दिवसांनी फत्तेपूरच्या शाळेत मोजणी झाली. गुरुजी तारेच्या कुंपणाबाहेर गर्दीत उभे होते. दिनकरराव अकरा हजार दोनशे आठ. लिंबाजी अकरा हजार दोनशे आठ. पुन्हा मोजलं, तेवढंच. तिसऱ्यांदा मोजलं, तेवढंच. मग कायद्याप्रमाणं दोन चिठ्ठ्या केल्या, काचेच्या गिलासात टाकल्या आणि एक उचलली. दिनकररावांची निघाली. कुंपणापलीकडे गुलाल उडाला, अलीकडे हमाल डोक्याला हात लावून बसले, आणि गुरुजींना तिथल्या तिथं धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पाच वर्षं कशीतरी काढली असती. पण आणीबाणीत विधानसभेची मुदत वाढली आणि पाचाची सहा झाली. चिठ्ठीतून निघालेला माणूस सहा वर्षं आमदार! त्या सहा वर्षांत नळाची लाइन आली ती दिनकररावांच्या जिनिंगपर्यंत, आणि रुळाच्या अलीकडेच थांबली. पंचफुलाबाई घागर घेऊन निघाली की गुरुजी तोंड दुसरीकडे करत. “मी आणतो,” असं एक-दोनदा म्हणाले. ती म्हणाली, “मास्तर घागर घेऊन निघाले तर लोक मलाच नावं ठेवतील. बसा गप.” ते गप बसले. दुसरं काय करणार होते?

एकच आशा होती. सत्त्याहत्तरच्या ऑगस्टात गुरुजी निवृत्त होणार होते. मग सरकारची दावण तुटली. पुढच्या निवडणुकीला लिंबाजी उभा राहिला की आपण आपल्या पायांनी जायचं, आपल्या हातांनी शिडीवर फुली मारायची आणि चिठ्ठी पेटीत पडल्याचा आवाज आपल्या कानांनी ऐकायचा. एवढं झालं की बहात्तरचं देणं फिटलं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पण मधेच मतदारसंघच गेला. माणूस गेला तर खांदा द्यायला चार माणसं तरी येतात. ‘फत्तेपूर शहर’ गेलं तेव्हा कचेरीच्या भिंतीला एक कागद चिकटला, बस्स. नवी आखणी झाली होती. गाव उचलून एकशे दहा खेड्यांच्या गाठोड्यात बांधलं होतं, आणि नव्या मतदारसंघाचं नाव होतं कोळवाडी. कोळवाडी! जिथली माणसं दळणालासुद्धा फत्तेपूरला येत! गुरुजींनी तो कागद तीनदा वाचला आणि कचेरीतल्या कारकुनाशी भांडले. कारकून म्हणाला, “गुरुजी, कागद दिल्लीचा आहे. मी फक्त खळ लावली.”

त्या दिवसापासून फरशीवर कुणी त्यांना काही विचारेना. बुडालेल्या मतदारसंघाचा इतिहास कुणाला हवा? गुरुजी आपण होऊन सांगायला लागले की लोक म्हणत, “ते झालं हो गुरुजी. आता कोळवाडीकडं कुणाची हवा हाय ते सांगा.” कोळवाडीचं गुरुजींना ओ की ठो माहीत नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत विधानसभा लागली आणि लिंबाजीनं पुन्हा अर्ज भरला. चिन्ह शिडीच मिळालं. गुरुजींना राहवेना. मत देण्याच्या आधी मन मोकळं केलं पाहिजे, नाहीतर ते मत तरी कसलं, असा विचार करून एका सकाळी ते लिंबाजीच्या घरी गेले. अंगणात लिंबाजी जुनी पत्रकं उलटी करून त्यांच्या कोऱ्या बाजूवर शिडी काढत बसला होता. जोडीला सटवाजी होता. सटवाजी म्हणजे जिनिंगमधला सगळ्यांत म्हातारा हमाल, पाठीतून वाकलेला, लिंबाजीसाठी जीव टाकणारा.

गुरुजींनी सगळं सांगितलं. ताडकळस, मेणबत्ती, लाख, कोरं पाकीट. सांगता सांगता त्यांनी टोपीनं डोळे पुसले. “लिंबाजी, तू माझ्या एका मतानं पडलास. सहा वर्षं झाली, भाकर गोड लागत न्हाई.”

लिंबाजीनं खडू खाली ठेवला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं.

“गुरुजी, तुमी सतरावे.”

“म्हंजे?”

“म्हंजे तुमच्या आधी सोळा जण येऊन हेच सांगून गेले. एकाची बैलगाडी मोडली होती. एक पाव्हण्याच्या लग्नाला गेला होता. एकानं शिक्का उलटा मारला. सगळ्यात पहिलं कोण आलं सांगू? आमची सरजाबाई. माझी बायकू! त्या दिवशी पोरास्नी भाकरी थापू थापू तिला मत द्यायलाच जमलं न्हाई. दोन दिवस रडली. सगळे म्हणत्यात, माझ्याच मतानं पडलास.”

सहा वर्षं जे ओझं त्यांनी एकट्याचं म्हणून उचललं होतं, त्याला सोळा खांदेकरी निघाले. हलकं वाटायला हवं होतं. उलट राग आला. कुणावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“माझं तसं न्हाई,” ते चिडून म्हणाले. “मी मत दिलं होतं. ते फक्त पोचलं न्हाई.”

“बरं, तुमचं येगळं,” लिंबाजी समजुतीनं म्हणाला. “ह्या टायमाला पोचवा म्हंजे झालं.”

“पोचवणार. आता ड्युटी न्हाई की काय न्हाई. आठ वाजता पहिला नंबर माझा.”

सटवाजी इतका वेळ गुडघ्यांत मान घालून ऐकत होता. तो म्हणाला, “तुमचं तरी बरं हाय गुरुजी. आमच्या झोपड्यांची वळच नव्या यादीत आली न्हाई. माझं नावच उडालं. बावन्नपासून एक डाव चुकलो नव्हतो मी.” मग स्वतःशीच मान हलवत म्हणाला, “लय वाईट झालं. तुमचं मत असं लाखेत जायाला नको होतं. लय वाईट.”

मतदानाला पाच दिवस राहिले आणि कचेरीचा शिपाई गुरुजींच्या दारात आला. हातात हुकूम. केंद्राध्यक्ष, केंद्र देवगाव फाटा.

“अरे, मी निवृत्त झालोय!” गुरुजी ओरडले.

“ते मला काय ठाव? यादीत नाव हाय. सही करा.”

कचेरीत गेले तर उत्तर मिळालं, हुकूम वरून निघाला आहे, जिथं पेट्या वाटणार तिथल्या साहेबांकडूनच रद्द करून आणा. पेट्या वाटणार मतदानाच्या आदल्या दिवशी. गुरुजी गेले नसते तरी चाललं असतं. शंभरातल्या नव्वदांनी हुकूम चुलीत घातला असता. पण सव्वीस वर्षांची सवय. सरकारी कागदाला उत्तर न देता घरी बसणं म्हणजे गुरुजींना अंगावर पाल पडल्यासारखं होई.

“जातो आणि रद्द करून येतो. संध्याकाळी हजर,” ते पंचफुलाबाईला म्हणाले.

“तुमी इलेक्शनला गेलेले आजवर संध्याकाळी आलात का कधी?” ती म्हणाली.

पेट्या वाटपाच्या ठिकाणी साहेबांनी हुकूम पाहिला, गुरुजींच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, आणि म्हणाले, “चूक झालीय, मान्य. पण आज सात जण गैरहजर आहेत. तुम्ही जरा राखीव म्हणून थांबा. ते आले की मोकळे.” गुरुजी थांबले. नुसते थांबले असते तरी ठीक. पण समोर नवखे मास्तर पाकिटं उलटीपालटी करताना दिसले आणि त्यांना राहवलं नाही. कुठलं पाकीट कशाला, लाख किती तापवायची, शिक्का कसा दाबायचा, सगळं सांगत ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. गैरहजर सात जण एकेक करून आले. सगळे ट्रक गेले तेव्हा दिवस मावळला होता, आणि मोकळे झालेले गुरुजी स्टँडावर आले तर एसटी नाही. साऱ्या गाड्या निवडणुकीला लावलेल्या. रात्र स्टँडावरच्या बाकावर पडून काढली. उजाडल्यावर उसाचा एक ट्रक देवगाव फाट्यापर्यंत मिळाला. तिथं, ज्या केंद्राचे ते अध्यक्ष होणार होते त्याच शाळेपुढं मतदारांची रांग बघत ते पाऊण तास दुसऱ्या वाहनाची वाट पाहत उभे राहिले आणि मनातल्या मनात त्या रांगेलाही शिव्या देत राहिले.

फत्तेपुरात पोचायला साडेअकरा झाले. गुरुजी घरी गेलेच नाहीत. स्टँडावरच्या हापशावर तोंड धुतलं, टोपी नीट केली आणि थेट शाळेत जाऊन रांगेत उभे राहिले. आठचा पहिला नंबर हुकला, पण पाय आपले होते, हात आपला होता. रांग पुढं सरकली तशी त्यांनी टोपी पुन्हा एकदा नीट केली. एकोणसाठाव्या वर्षी पहिलं मत! आत गेल्यावर त्यांनी नाव सांगितलं.

यादीवरच्या मास्तरानं बोट फिरवलं, थांबला, आणि मान वर केली.

“हे मत झालंय.”

“कुणाचं?”

“तुमचंच. सूर्यभान, घर नंबर छत्तीस. सकाळीच झालंय. आठ वाजून दहा मिनिटांनी.”

गुरुजींनी डावा हात पुढं केला. बोट स्वच्छ होतं. त्यांनी उमेदवारांच्या प्रतिनिधींकडं पाहिलं. जुन्या दिवसांत त्या बाकावर फत्तेपूरची चार माणसं बसत आणि परक्याला उंबऱ्यातच ओळखत. आता कोळवाडीकडची चार तरणी पोरं होती, त्यांना सूर्यभान कोण आणि सटवाजी कोण, सारखेच. लिंबाजीचा माणूस तेवढा गावचा होता. तो जमिनीकडं बघत होता.

केंद्राध्यक्ष कोवळा मुलगा होता, पहिलीच निवडणूक. तो गडबडून गेला. “आता... आता काय करायचं असतं? तुम्हाला परत जावं लागेल बहुतेक.”

“परत जायचं नसतं,” गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. “त्या तिसऱ्या गठ्ठ्यात बघा. ‘प्रदत्त मतं’ असं पाकीट हाय. मतपत्रिकेच्या मागं ‘प्रदत्त’ लिहा. रजिस्टरात माझी सही घ्या, बोटाला शाई लावा. मला प्रश्न विचारा, मी सूर्यभानच आहे का.”

“तुम्ही सूर्यभानच आहात का?”

“हो,” गुरुजी म्हणाले.

पडद्यामागं जाऊन त्यांनी शिडीवर फुली मारली. फुली बरोबर चौकटीत बसली. बाहेर आले. पेटी तिथंच होती, स्टुलावर, हाताच्या अंतरावर. एक बाई आपली चिठ्ठी आत टाकत होती. गुरुजींनी आपली घडी केलेली मतपत्रिका त्या मुलाच्या हातात दिली, आणि त्यानं ती भुऱ्या पाकिटात ठेवली.

“संध्याकाळी लाख नीट तापवा,” गुरुजी म्हणाले. “नाहीतर धरत न्हाई.”

शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली सटवाजी बसला होता. गुरुजींना बघून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

“गुरुजी! तुमी हितं कसे? पंचफुलावैनी तर म्हणल्या, देवगाव फाट्याला ड्युटीवर गेलेत!”

“रद्द करायला गेलो होतो.”

सटवाजीनं डावा हात धोतरात लपवला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं तो आपण होऊन बाहेर काढला. बोटावर काळीभोर शाई.

“मला वाटलं, गेलं गुरुजींचं मत पुन्यांदा लाखेत,” तो म्हणाला. “तुमी त्या दिशी रडकुंडीला आला होता, माझ्या डोळ्यांपुढनं जाईना. म्हणलं, ह्या टायमाला वाया जाऊ द्यायचं न्हाई. पहिल्या धडाक्यात टाकून आलो. शिडीवरच मारलं गुरुजी, आईच्यान! आणि खरं सांगू? माझं बी नाव न्हवतं. तुमच्या नावानं का हुईना, एक डाव शिक्का माराया गावला.”

गुरुजींच्या ओठांवर शिवी आली होती. सव्वीस वर्षांत पोरांना न दिलेली, चांगली मराठवाडी शिवी. पण त्या वाकलेल्या म्हाताऱ्यानं ते बोट पुढं धरलं होतं, पहिलीतलं पोर बरोबर आलेली पाटी दाखवतं तसं. शिवी गिळून गुरुजी त्याच्या शेजारी लिंबाखाली बसले. त्यांचंही बोट आता काळं झालं होतं.

“घरी जाऊन काय सांगू?” ते म्हणाले.

“सांगा की, झालं मत,” सटवाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली, तीही फत्तेपुरात नाही. आकडा संध्याकाळी रेडिओवर नव्हे, दुधाच्या गाडीवाल्याकडून कळला. कोळवाडी मतदारसंघातून खेड्यांकडचा एक बागायतदार निवडून आला होता. लिंबाजी नऊ हजार चारशे सतरा मतांनी पडला होता.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी त्याच्या घरी गेले. बहात्तरला या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आज सरजाबाई एका कोपऱ्यात उरलेली पत्रकं घालून शेगडी पेटवत होती, आणि लिंबाजी बाजेवर एकटाच बसला होता.

“या गुरुजी.” त्यानं जागा करून दिली. “मागल्या टायमाला सतरा जण आले, माझ्या मतानं पडलास म्हणायला. आज सकाळधरनं वाट बघायलोय. एक बी आला न्हाई.”

“कसा येईल? नऊ हजारांत कुणाचं मत दिसतं?”

“तेच की. कुणाला वाईटच वाटायला न्हाई.” लिंबाजीनं पहिल्यांदाच तोंड फिरवलं. “आता नळाचं बी कुणी इचारणार न्हाई.”

सरजाबाईनं चहा आणून ठेवला. रुळावरून एक मालगाडी गेली, बराच वेळ जात राहिली. गुरुजींनी आपलं शाईचं बोट पाहिलं. शाई जायला महिना लागतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

“लिंबाजी, आकडा चुकलाय,” ते म्हणाले.

“काय चुकला?”

“सटवाजीचं एक पेटीत पडलंय. ते धरलेलं हाय. माझं पाकिटात हाय, ते धरलेलं न्हाई. एक वजा कर.”

लिंबाजीनं पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर, चौथीत गुरुजींनी शिकवली होती तशी, नीट वजाबाकी मांडली.

“नऊ हजार चारशे सोळा,” तो म्हणाला.

“बरोबर,” गुरुजी म्हणाले.